आयडलिंग बिघडलंय? आधी हवेचा हिशोब मांडा

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी आरपीएमचा काटा ६०० ते १२०० मध्ये झोके घेतोय. किंवा काटा इतका खाली येतो की इंजिन आचके देत बंद पडतं. किंवा इंजिन चांगलं गरम झालं तरी रेस उतरतच नाही. अशा वेळी नवशिक्याचा हात एकतर स्क्रूकडे जातो, नाहीतर नवा सेन्सर घेण्यासाठी खिशाकडे. दोन्हीकडून हात आवरा. आयडलिंगच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याच्या, बऱ्याच तक्रारींचं मूळ नीट पाहून, कान देऊन आणि थोडं मोजून सापडतं. पार्ट बदलायची वेळ त्यानंतर येते, आणि तेव्हा नेमका कोणता बदलायचा हे माहीत झालेलं असतं.

खाली बहुतेक सगळं पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. कार्ब्युरेटरच्या दुचाकी आणि डिझेल यांच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आयडलवर इंजिन इतकं नाजूक का होतं

हे समजलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. १.२ लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ७०० आरपीएमवर फिरतंय असं धरा. दर दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा भरतात, म्हणजे मिनिटाला ३५० वेळा. थ्रॉटल (हवेच्या वाटेतली उघडझाप करणारी पाती) पूर्ण उघडा असता तर इंजिनाने मिनिटाला सुमारे ४२० लिटर हवा घेतली असती. पण आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडर जेमतेम एक तृतीयांश भरतात, म्हणून प्रत्यक्षात आत जाते साधारण १४० लिटर. आता एखाद्या फाटक्या पाइपमधून मिनिटाला २० लिटर चोरटी हवा आत शिरली, तर ती एकूण हवेच्या सातव्या हिश्श्याएवढी होते. हेच इंजिन रस्त्यावर ३,००० आरपीएमला निम्मं भरून चालत असेल तर ते ९०० लिटर घेतं. तिथे तेच २० लिटर दोन-सव्वादोन टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

म्हणूनच "पळवताना गाडी छान चालते, उभी केली की बिघडते" ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी बोलकी आहे. ती ऐकली की माझं लक्ष सगळ्यात आधी हवेकडे जातं.

पायरी १: तक्रार लिहून काढा

बॉनेट उघडण्याआधी एक कागद घ्या. बिघाड थंड इंजिनवर होतो की गरम झाल्यावर? सतत की मधूनच? एसी लावला, हेडलाइट लावले, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये टाकली, तर काय होतं? पेट्रोल भरल्यानंतर लगेच होतं का? नुकतीच बॅटरी काढली होती का, एअर फिल्टर बदलला होता का, कुणी काही उघडलं होतं का? या शेवटच्या प्रश्नाला लोक "नाही" म्हणतात आणि मग दहा मिनिटांनी आठवतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला बिघाड बहुतेक वेळा नीट न बसवलेल्या होजचा किंवा कनेक्टरचा असतो.

योग्य आकडा किती, हेही लिहा. गरम झालेल्या पेट्रोल कारचं आयडलिंग साधारण ६५० ते ८५० आरपीएम असतं. सकाळी थंड इंजिन ११०० ते १५०० वर सुरू होऊन हळूहळू खाली उतरतं, तो बिघाड नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन एखादा क्षण दबतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आरपीएम थोडा वाढवतो, तोही बिघाड नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर पाहा. आणि गाडीला ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर सिग्नलला इंजिन बंद होणं हे तिचं कामच आहे. नवी गाडी घेतलेली माणसं यावरून खरोखर घाबरतात, म्हणून सांगितलं.

पायरी २: आरपीएम हलतोय की गाडी थरथरतेय?

हा प्रश्न वगळला तर दिवस वाया जातो. काटा ७५० वर स्थिर आहे, पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतायत, तर इंजिन माउंटिंग पाहा. रबर फाटलं किंवा बसलं की इंजिनाचा नेहमीचा हादरा थेट बॉडीला पोहोचतो. ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून उभं असताना थरथर वाढते आणि न्यूट्रलला टाकताच कमी होते, ही माउंटिंगची ठळक खूण. काटा एकसारखा वरखाली झोके घेत असेल (गॅरेजमध्ये याला हंटिंग म्हणतात) तर गडबड हवेत किंवा ती सांभाळणाऱ्या यंत्रणेत आहे. काटा साधारण जागेवर, पण मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा आचका बसत असेल तर ते मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर काम सोडतोय. हवा आणि मिसिंग यांचा शोध वेगळ्या दिशेने जातो, तेव्हा इथेच ठरवून घ्या.

पायरी ३: सुरक्षितपणे उभे राहा

इंजिन चालू ठेवून काम करायचं आहे, म्हणून गाडी उघड्यावर घ्या. बंद गॅरेजमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल किंवा पार्कला ठेवा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधीही आपोआप सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही, म्हणून तिथे हात घालू नका.

पायरी ४: चोरटी हवा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

इंजिन बंद असताना एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (थ्रॉटलची पाती बसवलेल्या भागापर्यंतचा) जाड रबरी पाइप बोटांनी दाबत, वाकवत तपासा. घड्यांच्या खोबणीत चीर लपते आणि इंजिन हललं की उघडते. मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांना) जोडलेला प्रत्येक बारीक पाइप धरा: ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा, इंजिनाच्या पोटातला वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा, पेट्रोलची वाफ आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा. टोकं कडक झाली आहेत का, क्लिप सैल आहे का, एखादी नळी निघून लोंबतेय का, सगळं पाहा. मी एका गाडीवर तीन दिवस घालवले होते. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, आणि शेवटी ब्रेक बूस्टरच्या होजला खालच्या अंगाने चीर सापडली. डोळ्यांना ती दिसत नव्हती, बोटाला लागली. तेव्हापासून मी होज नुसती पाहत नाही, हाताने चाचपतो.

आता इंजिन सुरू करा आणि कान द्या. गळती मोठी असेल तर "स्स्स" असा आवाज येतो. फूट-दीड फूट लांबीची साधी रबरी नळी एका टोकाने कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवलं तर आवाजाची जागा कळते. नळी बेल्ट आणि पंख्यापासून दूर धरा.

त्यानंतर होज एकेक करून मऊ जबड्याच्या क्लॅम्पने दाबा. एखादी दाबताच आयडलिंग ताळ्यावर आलं, तर चोर त्या होजमध्ये किंवा तिच्या पलीकडच्या भागात आहे. ब्रेकचं पेडल दाबताना आरपीएम बदलत असेल आणि पायाशी फुसफुस ऐकू येत असेल तर बूस्टरचा पडदा फाटल्याची शक्यता मोठी. हा ब्रेकचा प्रश्न आहे, तो आयडलिंगचा समजून पुढे ढकलू नका. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण आतून ओढून धरल्यासारखं घट्ट लागत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा पडदा गेलेला असतो.

मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधली गळती अशी सापडत नाही. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का ते पाहतात. पद्धत चालते, पण तो द्रव पेटणारा आहे आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. नवशिक्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आणि कनेक्टर चुकवून, एक्झॉस्टवर न मारता, जोडावर बारीक तुषार सोडा. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. एवढ्यानेही सापडलं नाही तर स्मोक मशीनची चाचणी करून घ्या. इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो ती फट.

पर्ज व्हॉल्व्हसाठी वेगळी खूण आहे: पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि थोडा वेळ लडखडते. थंड इंजिन नुकतंच सुरू केल्यावर सहसा हा व्हॉल्व्ह बंद असतो. तेव्हा टाकीकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढून त्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे.

पायरी ५: स्कॅनर लावा, पण फक्त कोड वाचून थांबू नका

ओबीडी-२ ची (स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवणाऱ्या प्रमाणित यंत्रणेची) गाडी असेल तर डॅशबोर्डखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. साधा स्कॅनरही पुरतो, फक्त त्यात लाइव्ह डेटा दिसला पाहिजे. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी पाहिले आहेत. तो सेन्सर बिचारा खरं बोलत होता.

खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते. मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के भर घालतोय किंवा किती कापतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून ठेवलेली दुरुस्ती) यांची बेरीज करा. गरम इंजिनवर बेरीज शून्याच्या आसपास, पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर उत्तम. दहाच्या पुढे गेली तर कारण शोधायलाच हवं.

आता दोन वेळा वाचा, एकदा आयडलवर आणि एकदा २,५०० आरपीएमवर धरून. आयडलला अधिक १८ आणि २,५०० ला अधिक ३ आलं तर चोरटी हवा. वरचा १४० आणि ९०० लिटरचा हिशोबच इथे आकड्यात दिसतो. आयडलला ठीक आणि वर गेल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर मळला आहे. आयडलला ट्रिम बरीच उणे असेल तर पेट्रोल जास्त येतंय: गळका इंजेक्टर, उघडा पर्ज व्हॉल्व्ह, नाहीतर जास्त दाब.

एक मेख आहे. काही गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजून अंदाज बांधतात. चोरटी हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं इंजिन जास्त हवा घेतंय, आणि तो तेवढं पेट्रोलही देतो. अशा गाडीत ट्रिम जवळपास ठीक दिसतात आणि नुसतं आयडलिंग वाढतं. म्हणून तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी माहीत करून घ्या. अशा गाडीत गरम इंजिनवर आयडलला मॅनिफोल्डचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल दिसतो. तो ५० च्या पुढे दिसला तर एकतर बाहेरून हवा शिरतेय, नाहीतर इंजिन स्वतः अशक्त झालंय.

दुसरी नोंद आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हच्या (थ्रॉटल बंद असताना बाजूच्या वाटेने हवा सोडणाऱ्या) किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या स्थितीची. आयडलिंग जास्त आणि व्हॉल्व्ह पुरता मिटलेला असेल, तर ईसीयू हवा बंद करायला धडपडतोय आणि हवा दुसऱ्या वाटेने येतेय: पुन्हा पायरी ४. आयडलिंग कमी आणि व्हॉल्व्ह खूप उघडलेला असेल, तर वाट कार्बनने चोंदली आहे: पुढची पायरी.

पायरी ६: थ्रॉटल बॉडी साफ करा

थ्रॉटलच्या पातीच्या कडेला काळा चिकट थर बसतो आणि आयडलला हवा जाते ती त्याच कडेच्या फटीतून. पाइप काढा, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पाती आणि भिंत पुसा. पातीच्या मागचा भागही पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी काढलेलीच ठेवा. चावी चालू असताना मोटर पाती अचानक हलवते आणि बोट सापडतं. पाती हाताने जोर लावून ढकलू नका, आत दातेरी चक्र असतात. वेगळा आयडल व्हॉल्व्ह असेल तर तो काढून त्याचं टोक आणि वाट साफ करा. मास एअर फ्लो सेन्सरला मात्र त्याच्यासाठीच बनवलेला क्लीनर लागतो. दुसऱ्या क्लीनरने त्याची नाजूक तार किंवा फिल्म खराब होते.

साफ केल्यावर आयडलिंग आधीपेक्षा वाढलं तर गोंधळू नका. ईसीयूने मळलेल्या फटीनुसार पाती जरा जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. त्याला नव्याने शिकवावं लागतं. रीत गाडीगणिक वेगळी असते आणि काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनरच लागतो, तेव्हा मॅन्युअल पाहा. बॅटरी काढून जोडल्यावरही हेच होतं.

इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू कारखान्यात लावलेला असतो. तो फिरवून आयडलिंग "वाढवून" घेतलेली गाडी पुढच्या मेकॅनिकसाठी कोडं होऊन बसते. त्याला हात लावू नका.

पायरी ७: इंजिनाला तापमान खरं कळतंय का

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी नुसती चावी चालू करून स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. मग गाडी चालवा. बराच वेळ चालवूनही तापमान ८० अंशांच्या जवळ जात नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा राहिला आहे. ईसीयू इंजिन थंड समजून रेस चढवून ठेवतो आणि पेट्रोलही जास्त पाजतो.

पायरी ८: मिसिंग असेल तर

पी०३०२ आला असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड जागेवरच राहिला तर अशीच अदलाबदल प्लगची करा. प्लगचा गॅप साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलचा. चालू इंजिनवर प्लगची केबल ओढून पाहण्याची जुनी सवय सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं.

कॉइल, प्लग दोन्ही ठीक निघाले तर इंजेक्टर, मग टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन. इथून पुढे गॅरेजची मदत घ्यावी. तुमचा कागद सोबत न्या, मेकॅनिकचं निम्मं काम झालेलं असेल.

कार्ब्युरेटरच्या दुचाकी आणि डिझेल

दुचाकीवर पहिली चाचणी: इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. रेस चढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. हे धोक्याचं आहे, वळणावर गाडी आपोआप पळेल. मग कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड तडकला आहे का पाहा. चोक ओढला तरच गाडी चालू राहते, सोडला की बंद पडते, तर पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) चोंदलं आहे. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. आयडल स्क्रू आणि एअर स्क्रू फिरवायचे ते सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम करून. फिरवण्याआधी एअर स्क्रू हलक्या हाताने आत नेत किती फेऱ्या होतात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत येण्याची वाट राहील.

डिझेलचा आयडल हवेवर ठरत नाही, आत सोडलेल्या इंधनावर ठरतो. म्हणून तिथे इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, चोंदलेला फिल्टर आणि इंजेक्टर असा क्रम धरा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून गाडी लगेच परत देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहा. गरम झाल्यावर एसी, हेडलाइट लावून आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहा. दोन-तीन दिवस चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम पुन्हा वाचा. तो शून्याकडे सरकला असेल तर गळती खरोखर बंद झाली आहे. अजूनही दहाच्या वर असेल तर काटा स्थिर दिसत असला तरी दुसरी फट शिल्लक आहे, पुन्हा पायरी ४ वर जा.